लाइन क्लिअर

आमच्या कॉलनीत कुणी कमरेवर हात ठेवून उभं राहत नाही. राहिलं तर गार्डनाना येतात.

मी इथे नवा होतो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. भुसावळचा मे महिना, दुपारची लाइट गेलेली, आणि मी वाऱ्याच्या आशेने दारात कमरेवर हात ठेवून उभा. समोरच्या फाटकातून पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात तुळशीची माळ असे एक सत्तरीचे गृहस्थ निघाले, रस्ता ओलांडून थेट माझ्या पायरीशी आले आणि ओळखदेख नसताना म्हणाले,

"डावी की उजवी?"

"काय डावी-उजवी?"

"किडनी."

मला काही झालेलं नाही असं मी सांगितलं. "सुरुवातीला सगळे असंच म्हणतात," ते म्हणाले. मग शर्टाच्या खिशातून एक जाड, दळदार हिरवं पान काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं, तिकीट द्यावं तसं. "पानफुटी. सकाळी अनशापोटी चावून खायचं. सकाळीच, बरं का. संध्याकाळी खाल्लंत तर माझी जबाबदारी नाही."

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. त्यामुळे पान खाल्लं नाही, पण चाखलं. सकाळी ते चिंचेसारखं आंबट लागलं, संध्याकाळी नुसतं गवत. हे झाड रात्रभर मॅलिक आम्ल साठवतं आणि दिवसा उन्हात वापरून टाकतं. बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने हिंदुस्थानात चाखून पाहिलेली हीच गंमत १८१३ साली लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्राने कळवली होती. म्हणजे सकाळ-संध्याकाळच्या बाबतीत नानांचं म्हणणं खरं होतं. त्या आम्लाचा मुतखड्याशी काय संबंध, हे हाइनने कळवलेलं नाही आणि नानांना तो प्रश्न कधी पडलेला नाही. उरलेलं पान मी पुस्तकात खूण म्हणून ठेवलं. तीन आठवड्यांनी पुस्तक उघडलं तर पानाच्या कडेने पाच रोपटी उगवून सेंद्रिय रसायनाच्या धड्यात मुळं सोडून बसली होती. नानांचंही असंच आहे. कुठेही ठेवा, रुजतात.

नाना मालगाडीचे गार्ड होते. रेल्वेने २०२२मध्ये गार्डचा 'ट्रेन मॅनेजर' केला, पण नाना त्याच्या आधीच निवृत्त झाले, म्हणून गार्डच राहिले. मालगाडीच्या शेपटाला ब्रेकव्हॅन नावाचा एक लोखंडी डबा असतो. मे महिन्यात खानदेशातून तो डबा जाताना आतला माणूस भाकरीसारखा दोन्ही बाजूंनी भाजतो. नानांच्या काळात त्यात बसायला फळी होती, दिवा होता, झेंडे होते. जाण्याची सोय नव्हती. सिग्नलला गाडी कधी तीन तास उभी राहील आणि कधी तीन मिनिटांत सुटेल हे देवालाही माहीत नसे. तेव्हा नानांनी सोपा मार्ग काढला. पाणीच प्यायचं नाही. तीस-बत्तीस वर्षं घामाने पाणी जात राहिलं आणि मागे उरलेल्या लघवीचा पाक दाट होत गेला. पाक फार दाट झाला की साखरेचे खडे धरतात. इथे कॅल्शियम आणि ऑक्झलेट यांनी धरले. भर उन्हात काम करणाऱ्यांचा हा जुना आजार आहे.

पण नानांना कारणात रस नाही. त्यांना प्रवासात रस आहे. मुतखड्याची सगळी हकीकत ते रेल्वेच्या भाषेत सांगतात आणि खरं सांगायचं तर शरीरशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा ती लवकर कळते. किडनी म्हणजे यार्ड. तिथे खडा वर्षानुवर्षं सायडिंगला पडून असतो, कुणाला त्रास नाही. एके रात्री तो मेन लाइनवर येतो. लाइन एकेरी, पंचवीस-तीस सेंटिमीटरची, आणि वाटेत तीन अरुंद ठिकाणं: एक यार्डातून बाहेर पडतानाच, दुसरं मधे कमरेच्या हाडाच्या कडेशी, तिसरं मूत्राशयात शिरण्याआधी. खडा जिथे अडेल तिथे मागची सगळी वाहतूक तुंबते, यार्ड फुगतं, आणि माणूस रात्री दोन वाजता पलंगाखाली शिरून देवाला हाका मारतो. "पहिल्या रात्री माझा यार्डाच्या तोंडाशीच होता," नाना सांगतात. "मग तीन आठवडे आउटरला."

या कळांची तुलना नाना बाळंतपणाशी करतात. पण आत नानी आहेत का हे बघून. एकदा त्या होत्या. "माझी चार झाली," त्या दारातून म्हणाल्या, "कॉलनी एकदाही जमली नव्हती."

सोनोग्राफीत खडा पाच मिलिमीटरचा निघाला. डॉक्टरांनी दुखण्याची गोळी दिली, पाणी भरपूर प्या म्हणाले आणि वाट बघायला सांगितलं. नानांचा एवढा अपमान नोकरीतही झाला नव्हता. साडेतीन हजार टनांची गाडी चालवलेल्या माणसाला औषध काय, तर पाणी! मग त्यांनी नातेवाइकांना फोन केले.

पुढचे सात आठवडे त्या घराचं काय झालं ते मी ऐकून आहे. केळीच्या मुलखात राहून केळीचं औषध नसेल तर नवल. रावेरच्या साडूंनी केळीच्या खुंटाचा रस कळशीने पाठवला. जुन्नरच्या विहिणीने हुलगे धाडले. मग हुलग्याचं कढण, हुलग्याचं माडगं, हुलग्याचे शेंगोळे, हुलग्याचं पिठलं; पाहुणे जेवायला आले की पायरीवरूनच वास घेऊन परत जात. एका निवृत्त पोस्टमास्तरांनी, जे वैद्यकी करतात, गोखरू, वायवर्ण्याची साल आणि पुनर्नवा यांचा काढा लिहून दिला. गोखरू म्हणजे आपला सराटाच. आयुष्यभर चपलेतून उपटून फेकलेला काटा नाना आता किलोच्या भावाने विकत घेऊ लागले. सुनेच्या माहेरून, रत्नागिरीहून, कोकमाचं आगळ आलं. मक्याच्या कणसाचे केस भाजीवाली नानांसाठी वेगळे ठेवू लागली. एका जुन्या ड्रायव्हरमित्राने बिअर सुचवली. नानांनी माळेला हात लावून नकार दिला. त्या नकाराबद्दल कॉलनीत दोन मतं आहेत.

आणि मृगाचा पहिला पाऊस झाला त्या सकाळी खडा पडला. नाना रोज गाळून बघत होतेच. कशाने गाळत होते हे मी विचारलं नाही, पण त्या घरात चहाच्या गाळण्या दोन आहेत असं नानी न विचारता प्रत्येक पाहुण्याला सांगतात.

खडा पडला आणि श्रेयाचा खटला उभा राहिला. साडू म्हणाले खुंट. विहीण म्हणाली हुलगे, आणि तिने ते व्याह्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. पोस्टमास्तरांनी काढ्याचा कागद परत मागवून त्यावर तारीख घातली. नानांना रेल्वेतल्या अपघाताच्या चौकशीची सवय. त्यांनी सगळ्यांची बाजू ऐकून घेतली आणि निकाल दिला: जबाबदारी सामाईक. तेव्हापासून ते कुणालाही एक औषध सांगत नाहीत. सगळी सांगतात. गार्डचा जुना लाइन बॉक्स, ज्यात पूर्वी झेंडे, हातदिवा आणि फटाके असत, त्यात आता सराटे, साली आणि वाळलेली मुळं असतात. त्यावरचं त्यांचं नाव नव्याने रंगवलं आहे.

पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे काही आठवड्यांत आपले आपण पडतात, हे मी एकदा त्यांना सांगून बसलो.

"आपले आपण?" नाना उठूनच उभे राहिले. "सर, गार्डाने हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय गाडी आपली आपण सुटते का?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

वास्तविक, मला यातलं सगळं थोतांड वाटत नाही, आणि तीच माझी अडचण आहे. लिंबातलं सायट्रेट लघवीतल्या कॅल्शियमला धरून ठेवतं आणि ऑक्झलेटशी त्याची गाठ पडू देत नाही. डॉक्टर जे पोटॅशियम सायट्रेट लिहून देतात ते त्याच घराण्यातलं. आपल्याकडे गटारीच्या कडेला उगवणाऱ्या भुईआवळीला ब्राझीलमध्ये 'दगडफोडी' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, आणि तिथल्या डॉक्टरांनी ती खरोखरीच्या रोग्यांना देऊन पाहिली आहे. लघवीत कॅल्शियम जास्त जाणाऱ्यांपैकी काहींचं ते कमी झालेलं दिसलं. २०१६मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की हायड्रॉक्सीसायट्रेट नावाचं द्रव्य कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांची वाढ थांबवतं, इतकंच नव्हे तर त्यांना झिजवतंही. हे द्रव्य कोकमाच्या जातीच्या फळांत असतं. हे मी सांगितलं त्या संध्याकाळी नानांनी रत्नागिरीला फोन करून व्याह्यांचं अभिनंदन केलं. ते काचेच्या भांड्यातल्या स्फटिकांवर दिसलंय, सोलकढीच्या वाटीने तेच होईल असं कुणी म्हटलेलं नाही, हे वाक्य मी पुढे बोललो तेव्हा फोन लागला होता.

उंदरांचं प्रकरण तर मी काढायलाच नको होतं. वायवर्ण्याच्या सालीतलं लुपिऑल, गोखरूतली द्रव्यं, हुलग्याचा अर्क, यांतल्या बहुतेकांची परीक्षा उंदरांवर झाली आहे. उंदराला मुतखडा सहसा आपोआप होत नाही. म्हणून त्याच्या पिण्याच्या पाण्यात महिनाभर इथिलिन ग्लायकॉल मिसळतात, म्हणजे गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात तेच. त्याचं शरीरात ऑक्झलेट होतं, किडनीत स्फटिक धरतात. बरोबरीने अर्क दिलेल्या उंदरांत ते कमी धरतात.

"म्हणजे सिद्ध झालं," नाना म्हणाले.

"हो. पण कूलंट पिणाऱ्या उंदरांपुरतं."

नाना बराच वेळ विचारात पडले. मग नळाकडे बघत म्हणाले, "आपल्या कॉलनीचं पाणी त्याहून फार वेगळं असेल का, सर?"

पानफुटीच्या नावावरूनही आमची एकदा झाली. नाना तिला पाषाणभेद म्हणतात. जुन्या ग्रंथांतला पाषाणभेद म्हणून ज्याची मुळं बाजारात येतात तो हिमालयात, खडकाच्या फटीतून उगवणारा. त्यात बर्जेनिन नावाचं द्रव्य असतं. खडक फोडून येतो म्हणून किडनीतला दगडही फोडेल, हा त्यामागचा हिशेब. गंमत म्हणजे हे झाड ज्या कुळातलं, त्याच्या लॅटिन नावाचा अर्थही 'दगड फोडणारा' असाच आहे. युरोपातल्या आजीबाईंनीही खडकातली झाडं बघून तोच हिशेब केला होता. पानफुटी या कुळातली नाही. शिवाय ती गुरांना बाधते, हेही मी सांगितलं.

"नाव बदललं म्हणून स्टेशनवर गाडी थांबायची राहते का?" नाना म्हणाले. "आणि मी गुरांना देतच नाही."

मी मात्र एकदाच त्यांच्या पारड्यात नको तेवढं वजन टाकलं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत विहिरी खणण्याविषयीचं एक प्रकरण आहे. विहिरीत खडक लागला तर तो फोडायचा कसा, याच्या कृती त्यात दिल्या आहेत. त्यांतली एक अशी की ताक, कांजी, सुरा, हुलगे आणि बोरं सात रात्री एकत्र मुरवायची आणि तापवलेल्या शिळेवर ओतायची. हे ऐकल्यावर नानांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते त्यांच्या निवृत्तीच्या निरोप समारंभाच्या फोटोतही नाही.

"हुलगे! दगड फोडायला! आणि आमच्या विहिणीला हे माहीत!"

"नाना, पण आधी ती शिळा जाळ लावून तापवायची आहे."

नानांनी हळूच कमरेला हात लावला. "त्या रात्री तापलीच होती."

"आणि त्यात सुराही आहे."

यावर ते काही बोलले नाहीत. ड्रायव्हरमित्राला त्यांनी नंतर स्वतःहून चहाला बोलावल्याचं कळलं.

माझा एकच विजय आहे, तो भरिताचा. बियांमुळे खडे होतात या समजुतीने नानांनी टोमॅटो सोडला होता आणि वांगंही. खानदेशात वांगं सोडणं म्हणजे पंढरपुरात राहून विठोबा सोडणं. हिवाळ्यात शेतात काड्या पेटवून भरिताच्या पार्ट्या होत, कळण्याच्या भाकऱ्या येत, आणि नाना धुराच्या बाजूला उभे राहून नुसता वास घेत. शेवटी मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं: बी ज्या लाइनवरून जातं ती लाइन किडनीला लागतच नाही. ती वेगळ्या गेजची आहे. नानांनी क्षणभर डोळे मिटून नकाशा डोळ्यांसमोर आणला आणि मान हलवली. त्या रात्री त्यांनी भरीत तीनदा घेतलं.

खरा चोर दुसरीकडेच होता. रक्तासाठी चांगला म्हणून नाना रोज सकाळी पेलाभर पालकाचा रस घेत, आणि पालकाइतकं ऑक्झलेट क्वचितच कुठल्या भाजीत असेल. वर दिवसाचे आठ चहा. दूध मात्र कॅल्शियमच्या भीतीने बंद. हे अगदी उलटं होतं. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच गाठतं आणि बाहेर घेऊन जातं. इटलीत १२० पुरुषांवर पाच वर्षं पाहिलं होतं, २००२मध्ये छापून आलं: कॅल्शियम तोडलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना खडा पुन्हा झाला, कॅल्शियम नेहमीइतकं ठेवून मीठ आणि मांस कमी केलेल्यांत तो आकडा २० टक्के होता. त्याच इटलीतल्या आधीच्या, १९९६च्या अभ्यासात तर औषधच नव्हतं. निम्म्यांना फक्त भरपूर पाणी प्यायला सांगितलं, रोज निदान दोन लिटर लघवी होईल इतकं. पाच वर्षांत पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना खडा पुन्हा झाला, न पिणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना.

"पाणी!" नाना म्हणाले. "पाणी तर म्हशीही पितात, सर. औषधाला काही खटपट नको?"

आतून भांड्यांचा आवाज थांबला. नानी हात पुसत बाहेर आल्या. "खुंटाचा रस दोन पेले," त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "काढा तीन वेळा, त्यावर पेलाभर कोमट पाणी. कढण तांब्याभर. ताक. आगळाचं सरबत. मक्याच्या केसांचं उकळलेलं. पानफुटीवर पुन्हा पाणी. सात आठवडे साडेतीन लिटर होत होतं रोज. मी भरत होते, मला माहीत आहे." आणि त्या परत आत गेल्या.

नाना गप्प होते. वाटलं, पटलं. मग ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "तिला आकड्यांचं फार."

त्यांची टवाळी करताना मला शेजारच्या गल्लीतला मुलगा आठवतो आणि मी थांबतो. बावीस-तेवीसचा, उजवीकडे खडा, नानांची औषधं चालू. एका रात्री त्याला थंडी वाजून ताप भरला. घरचे काढा उकळत होते. नानांनी कपाळाला हात लावून पाहिला, पातेलं चुलीवरून उतरवलं आणि म्हणाले, "ताप म्हणजे लाल सिग्नल. आता आपलं काम नाही." अडलेल्या लघवीत जंतू शिरले की तासांचा प्रश्न असतो, हे त्यांना पोस्टमास्तरांनी सांगितलेलं नव्हतं, कुठून कळलं माहीत नाही. त्याला रिक्षात घालून ते स्वतः हॉस्पिटलात गेले, पहाटेपर्यंत बाकावर बसून राहिले. नळी घालून तुंबलेली किडनी मोकळी केली तेव्हा घरी आले. लाइन बॉक्स त्या आठवड्यात उघडला नाही. पुढच्या आठवड्यात उघडला.

आता नानांच्या अंगणातल्या पंगतीविषयी. चूक माझीच. सॅम्युएल पेपीस नावाच्या लंडनच्या रोजनिशीकाराची गोष्ट मी नानांना सांगितली. २६ मार्च १६५८ रोजी, भूल नावाची गोष्ट जगात नसताना, त्याने मुतखड्याची शस्त्रक्रिया करून घेतली. टेनिसच्या चेंडूएवढा खडा निघाला. तो वाचला, खड्यासाठी त्याने खास पेटी करवून घेतली, आणि दरवर्षी त्या तारखेला मित्रांना मेजवानी द्यायचा त्याने नेम केला.

दुसऱ्या दिवशी नाना सोनाराकडे गेले. चांदीची डबी हवी, खडा ठेवायला, म्हणाले. सोनाराने विचारलं, "पुष्कराज की गोमेद?"

तेव्हापासून मृग लागला की नानांच्या अंगणात पंगत बसते. हुलग्याचे शेंगोळे, हुलग्याचं पिठलं, भात, ताक, शेवटी कोकमाचं सरबत. डबी घरात जेवणाच्या वेळी उघडायची नाही अशी नानींची सक्त ताकीद आहे. म्हणून नानांनी पंगत अंगणात घेतली. यंदा साडू आले होते, विहीण आली होती, पोस्टमास्तर कागद घेऊन आले होते. पहिला भात वाढला आणि डबी पानावरून पानावर फिरू लागली. तांबूस, खरखरीत, काटेरी खडा. प्रत्येक जण बघे, "बापरे" म्हणे आणि पुढे देई. माझ्याकडे आली तेव्हा वाढणाऱ्याचा धक्का लागला. मी डबी सावरली, झाकण लावलं, पुढे दिली आणि पिठलं-भात कालवला.

तिसऱ्या घासाला दाढेखाली कच्चकन् झालं.

"तांदूळ निवडले नव्हते का?" विहीण सुनेकडे बघत म्हणाली.

डबी तोवर नानांपर्यंत पोहोचली होती. त्यांनी ती उघडली. उलटी केली. बोट घालून चाचपली. मग सगळी पंगत माझ्याकडे बघू लागली. माझा घास केव्हाच खाली गेला होता.

नाना आपल्या पानावरून उठले, माझ्याजवळ येऊन बसले, आणि पाठीवर हात ठेवून शर्टाचा खिसा चाचपत म्हणाले, "गिळला असलात तरी घाबरू नका, सर. पानफुटी देतो. फक्त सकाळीच खा."